'काउंटरचेंज्ड' म्हणजे एकाआड एक रंग, की आणखी काही? (मराठी शब्दही हवा आहे)

पटॅप्स्कोकाठचा

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

आम्ही बाल्टिमोरजवळ राहतो. लेक चौथीत आहे. पुढच्या आठवड्यात तिला वर्गात मेरीलँड राज्याच्या झेंड्यावर पाच मिनिटं बोलायचंय, आणि शनिवारी त्याचीच रंगीत तालीम व्हिडिओ कॉलवर, साताऱ्याच्या आजीपुढे, मराठीतून.

ज्यांनी हा झेंडा पाहिला नाही त्यांच्यासाठी: चार चौकोन. डावीकडे वर आणि उजवीकडे खाली सोनेरी-काळे उभे पट्टे आणि त्यांच्यावरून जाणारा एक तिरका पट्टा. उरलेल्या दोन चौकोनांत लाल-पांढऱ्यावर क्रूस, त्याच्या टोकांना तीन-तीन गोळे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, छापखान्यात दोन झेंडे एकमेकांवर पडले असावेत.

राज्याच्या कायद्यात याचं वर्णन जुन्या ढालचिन्हांच्या (युरोपातल्या घराण्यांच्या ढालींवरच्या खुणांच्या) भाषेत दिलंय. सोनेरी आणि काळे असे सहा उभे पट्टे ('पेली ऑफ सिक्स'), आणि तिरका पट्टा 'काउंटरचेंज्ड'. लेकीनं विचारलं, "बाबा, काउंटरचेंज्ड म्हणजे?" मी ठोकून दिलं, "रंग एकाआड एक येतात ना, ते." ती म्हणाली, "पण सोनेरी आणि काळे असं आधीच सांगितलंय की. मग परत कशाला सांगतील?"

माझ्याकडे उत्तर नाही. तर दोन प्रश्न: याचा नेमका अर्थ काय, आणि आजीला कळेल असा मराठी शब्द कोणता?

बेसिक_लोचा

एकाआड एकच. काळा पिवळा काळा पिवळा. मुंबईची टॅक्सी. सोडवला प्रश्न, पुढचा घ्या.

नुसतंच_वाचन

टॅक्सीला पट्टे कुठे असतात हो? खाली काळी, वर पिवळी.

बेसिक_लोचा

भावना समजून घ्या.

गार्गी_प

लेक बरोबर आहे, बाबा चूक. :)

एकाआड एक रंगांसाठी या भाषेत स्वतंत्र शब्द आहेत, आणि दिशेप्रमाणे बदलतात. उभे पट्टे असले तर 'पेली', आडवे असले तर 'बॅरी', तिरके असले तर 'बेंडी', बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असले तर 'चेकी'. एका ओळीत दोन रंगांचे तुकडे फरशीसारखे बसवले तर 'कंपोनी', तशाच दोन ओळी आल्या तर 'काउंटर-कंपोनी'. तुमच्या वर्णनातला 'पेली ऑफ सिक्स' हा भागच सांगतो की सहा पट्टे आहेत आणि दोन रंग आलटूनपालटून येतात. तिथे काम संपलं.

'काउंटरचेंज्ड' हे पट्ट्यांचं वर्णन नाही. पट्ट्यांवर जी वस्तू ठेवली आहे तिच्या रंगाचं वर्णन आहे. ढालीच्या पृष्ठभागाला आपण जमीन म्हणू. जमीन दोन रंगांची आहे. तिच्यावर कुठलंही चिन्ह ठेवा, पट्टा, वर्तुळ, सिंह, काहीही. जिथे खालची जमीन सोनेरी तिथे चिन्ह काळं, जिथे जमीन काळी तिथे चिन्ह सोनेरी. म्हणजे रंग तेच दोन, जागा मात्र अदलाबदल केलेल्या.

लेकीला करून दाखवा. कागदाचा डावा अर्धा काळा रंगवा, उजवा पांढरा ठेवा. मधोमध, दोन्हीकडे सारखी येईल अशी वाटी ठेवून गोल काढा. गोलाचा डावा अर्धा पांढरा, उजवा काळा. झालं काउंटरचेंज.

विसूभाऊ

अगदी हेच ग्रीनलंडच्या झेंड्यात आहे. वरचा अर्धा भाग पांढरा, खालचा लाल. त्यावर गोल, तो वर लाल आणि खाली पांढरा. २१ जून १९८५ पासूनचा झेंडा, थू ख्रिस्तियान्सेन यांनी केलेला. बर्फावर टेकलेला सूर्य म्हणून बघा, लगेच लक्षात राहतो.

पटॅप्स्कोकाठचा

गार्गीताई, ग्रेट. वाटी ठेवली, गोल काढला, लेक खूश. मला म्हणाली, "मी सांगत होते." आता आठवडाभर हेच ऐकायचंय.

पण एक विचारतो. असं करायचं कशासाठी? सरळ लाल तिरका पट्टा दिला असता तर काय बिघडलं असतं?

मुक्काम_सोलापूर

हे आमच्याकडे घरोघरी आहे की! सोलापुरी चादर उलटी करून बघा. सुलट बाजूला लाल जमिनीवर पांढरं फूल असेल तर उलट बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल फूल. जेकॉर्डच्या मागावर दुहेरी वीण असते. दोन रंगांचं सूत जागा बदलत राहतं, एक वर आलं की दुसरं खाली जातं. आमचे आजोबा गिऱ्हाइकाला सांगायचे, "एका पैशात दोन चादरी." शब्दाचं ठाऊक नाही, पण वस्तू हीच.

गार्गी_प

सोलापूरकर, उदाहरण फार आवडलं, पण मान्य नाही. चादरीत अदलाबदल होते ती दोन बाजूंत. एका वेळी तुम्हाला एकच बाजू दिसते. ढालीवर अदलाबदल एकाच बाजूवर, एकाच चिन्हाच्या आत व्हायला हवी. सुलट बाजूचा अर्धा तुकडा आणि उलट बाजूचा अर्धा तुकडा शेजारी शेजारी शिवलात आणि फुलाचे दोन अर्धे नीट जुळले, तर मान्य.

मुक्काम_सोलापूर

चांगली चादर कापायला सांगताय. आजोबांना कळलं तर धागाच बंद करायला लावतील.

शिळ्या_बातम्या

'कशासाठी' या प्रश्नाचं उत्तर देतो, जरा लांबेल.

ढालचिन्हांत रंगांचे दोन गट धरतात. सोनेरी आणि रुपेरी हे धातू. (रुपेरीऐवजी प्रत्यक्षात पांढरा लावला तरी चालतो.) लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. नियम असा की धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. यामागे धर्म नाही, सौंदर्यशास्त्रही नाही. चेहरा शिरस्त्राणात झाकलेला असताना लांबून माणूस ओळखू यावा, एवढंच. पांढऱ्यावर पिवळं दिसत नाही, निळ्यावर काळं दिसत नाही. आपल्या एसटीच्या पाट्या रंगवणाऱ्यालाही हे कळतं. गाजलेला अपवाद जेरुसलेमच्या राज्याचा: रुपेरी जमिनीवर सोन्याचे क्रूस.

आता कॅल्व्हर्ट घराण्याची (मेरीलँड वसवणाऱ्यांची) ढाल घ्या, तुमच्या झेंड्यातला काळा-सोनेरी चौकोन तिचाच. जमीन निम्मी धातू, निम्मी रंग. तिच्यावर काळा तिरका पट्टा ठेवला तर काळ्या उभ्या पट्ट्यांत तो बुडणार. सोनेरी ठेवला तर सोनेरीत बुडणार. लाल ठेवला तर काळ्यावर रंगावर रंग होणार. (दुभंगलेल्या जमिनीला नियमात सवलत असते, पण डोळ्यांना सवलत नसते.) मग उपाय काय, तर पट्ट्यानं पावलोपावली रंग बदलायचा. तो दिसतो कारण तो कुठेच खालच्यासारखा नाही.

लाल-पांढऱ्या चौकोनांतही हेच आहे. ती क्रॉसलँड घराण्याची ढाल, जॉर्ज कॅल्व्हर्टच्या आईच्या माहेरची. जमीन चार भागांत रुपेरी-लाल, त्यावर टोकांना गोळे असलेला क्रूस, तोही काउंटरचेंज्ड. एका झेंड्यात हा शब्द दोनदा येतो.

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही: अमेरिकेच्या यादवी युद्धात मेरीलँड दुभंगलेलं होतं. काळा-सोनेरी हे रंग संघराज्याच्या बाजूच्यांनी धरले, लाल-पांढरे दक्षिणेच्या बाजूनं लढणाऱ्यांनी. युद्धानंतर दोन्ही रंग एका झेंड्यात दिसू लागले. १८८० मध्ये बाल्टिमोर शहराच्या दीडशेव्या वर्षाच्या मिरवणुकीत तो फडकला आणि १९०४ मध्ये राज्यानं अधिकृत केला. छापखान्यात दोन झेंडे एकमेकांवर पडलेले नाहीत, साहेब. भांडून बसलेल्या दोन बाजू एका कापडावर आणल्यात.

पटॅप्स्कोकाठचा

हे शेवटचं लेकीच्या पाच मिनिटांत जाणार म्हणजे जाणार.

टिपूर_चांदणी

याच मेरीलँडचं ब्रीदवाक्य इटालियन आहे ना? 'फात्ती मास्की, पारोले फेमिने'. शब्दशः: कृती पुरुषी, शब्द बायकी.

बेसिक_लोचा

बरोबरच आहे, काम आम्ही करायचं आणि...

टिपूर_चांदणी

वाक्य पुरं करा, वाट बघतेय.

बेसिक_लोचा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

टिपूर_चांदणी

हुशार आहात. २०१७ मध्ये राज्यानं कायदा करून अधिकृत भाषांतर बदललं: 'कणखर कृती, सौम्य शब्द'. मूळ इटालियन तसंच ठेवलं. म्हणजे मूळ जागेवर, अर्थ काउंटरचेंज्ड.

दुसरा_डाव

गार्गी_प यांचा प्रतिसाद वाचला आणि डोक्यात दिवा लागला. हे तर सरळ एक्सॉर आहे, संगणकातली ० आणि १ ची ती क्रिया.

सोनेरी म्हणजे ०, काळा म्हणजे १. उभ्या पट्ट्यांमुळे प्रत्येक ठिपक्याला ० किंवा १ मिळतो. ठिपका तिरक्या पट्ट्याच्या आत असेल तर आणखी १, बाहेर असेल तर ०. दोन्हींचा एक्सॉर करा, झेंड्याचा तो चौकोन तयार. सारखे असले तर ०, वेगळे असले तर १. संपादकात मजकूर निवडला की काळ्यावर पांढरी अक्षरं होतात, जुन्या पडद्यांवर कर्सर अक्षरावर आला की अक्षर उलटं उजळतं, सगळा तोच खेळ. मध्ययुगातल्या शिलेदारांनी आपल्या आधी बिट फिरवले होते.

आणि पुढची गंमत: उभे पट्टे आणि आडवे पट्टे यांचा एक्सॉर केला की काय मिळतं? बुद्धिबळाचा पट!

नुसतंच_वाचन

म्हणजे क्रोएशियाचा टी-शर्ट पण काउंटरचेंज्ड?

गार्गी_प

डाव यांचं गणित बरोबर आहे, पण ढालीचं वर्णन करणारा माणूस नेहमी सगळ्यात छोटा रस्ता घेतो. चौकोनांना 'चेकी' हा तयार शब्द असताना तो उभे पट्टे, आडवे पट्टे, त्यांची अदलाबदल असं पाल्हाळ लावणार नाही. क्रोएशियाचं ते चेकी, लाल आणि रुपेरी. ढालीवर पाच गुणिले पाच, म्हणजे पंचवीस घरं, पहिलं घर लाल. म्हणजे तेरा लाल, बारा पांढरी.

मात्र आडवे पट्टे मधोमध उभे चिरून डावी-उजवी बाजू उलट केली, तर तिथे हा शब्द खरंच वापरतात: 'बॅरी, पर पेल, काउंटरचेंज्ड'. तेव्हा बेसिक_लोचा अगदीच चूक नव्हते. एकाआड एकचा आणि याचा संबंध आहे, पण शेजाऱ्याचा. भावाचा नाही.

बेसिक_लोचा

शेजारी तर शेजारी. हा प्रतिसाद फ्रेम करून लावतो.

शिळ्या_बातम्या

आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं एक उदाहरण राहिलं. युनियन जॅक. १९४७ पर्यंत मुंबईच्या किल्ल्यावर फडकत होता तोच.

१ जानेवारी १८०१ ला आयर्लंड जोडलं गेलं तेव्हा पेच पडला. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूची पांढरी फुली, आयर्लंडच्या सेंट पॅट्रिकची लाल फुली. दोन्ही फुल्या एकाच जागी येतात. लाल वर ठेवली तर स्कॉटलंड खाली दबणार, पांढरी वर ठेवली तर आयर्लंड दिसणारच नाही. म्हणून फुलीचा प्रत्येक हात लांबीत चिरला, अर्धा पांढऱ्याला, अर्धा लालला, आणि गोल फिरत जाताना त्यांचा क्रम बदलत नेला. त्या वेळच्या अधिकृत वर्णनात त्यासाठी 'काउंटरचेंज्ड' हाच शब्द आहे. लाल निळ्याला भिडू नये म्हणून तिला पांढरी बारीक किनार, तो परत रंगावर रंग नको हाच नियम.

आणि म्हणूनच या झेंड्याला उलट-सुलट आहे! काठीकडच्या अर्ध्यात पांढरा रुंद पट्टा लालच्या वर हवा. उलटा टांगला तर खाली जातो. दुरून बघणाऱ्याला ढिम्म कळत नाही.

विसूभाऊ

उत्तम माहिती. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

पटॅप्स्कोकाठचा

उलट-सुलटवरून आठवलं. आमच्या गॅरेजच्या भिंतीवर मी मेरीलँडचा झेंडा चार खिळ्यांनी ठोकलाय. कापडी, सपाट, तीन वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात शेजारी म्हणाला, "तुझा झेंडा उलटा आहे." मी म्हटलं कुठे? तो हसला आणि गवत कापायला निघून गेला. तेव्हापासून मी तो किती वेळा पाहिला असेल! काळा-सोनेरी चौकोन डावीकडे वर, हवा तिथेच. लाल-पांढरा उजवीकडे वर, हवा तिथेच. तिरका पट्टा डावीकडून उजवीकडे उतरतोय, हवा तसाच. शेजारी माझी फिरकी घेतोय का?

पणजीवाला

याचं उत्तर देणाऱ्यानं द्यावं, मी मध्ये गोव्याचं घुसडतो. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये गेलात तर खाली बघून चाला. जमिनीला फरशी म्हणून थडग्यांचे दगड आहेत, त्यांवर पोर्तुगीज घराण्यांच्या ढाली कोरलेल्या. लहानपणी मामाबरोबर गेलो होतो, मी एका सिंहाच्या डोक्यावर उभा राहिलो म्हणून मामानं कान धरला होता.

मुद्दा असा की दगडाला रंग नाही. मग कुठला भाग सोनेरी, कुठला काळा, कसं कळायचं? छापील पुस्तकांनाही हीच अडचण होती. त्यावर सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता या जेझुइट पाद्रीची १६३८ ची पद्धत रूढ झाली. सोनेरी म्हणजे ठिपके, रुपेरी म्हणजे कोरं, लाल म्हणजे उभ्या रेघा, निळा म्हणजे आडव्या, काळा म्हणजे उभ्या-आडव्या जाळीच्या. या पद्धतीत काढलेलं काउंटरचेंज बघायला मजा येते. एकच पट्टा ठिपक्यांतून जाळीत, जाळीतून ठिपक्यांत असा उड्या मारत जातो.

मी पाहिलेल्या दगडांवर मात्र रेघाही नव्हत्या, नुसता उठाव. तिथे काउंटरचेंज्ड असलं तरी कळायची सोय नाही.

शिळ्या_बातम्या

पणजीवाले, सुंदर. अजून एक अवांतर: इंग्रज कवी जेफ्री चॉसरची स्वतःची ढाल काउंटरचेंज्ड होती. डावीकडे रुपेरी, उजवीकडे लाल, वरून तिरका पट्टा, रंग उलटे.

आणि याच चॉसरनं १३८६ मध्ये ढालीच्या खटल्यात साक्ष दिली. स्क्रोप आणि ग्रॉव्हनर अशी दोन घराणी, दोघांचीही ढाल तीच, निळ्यावर सोनेरी तिरका पट्टा. चॉसर म्हणाला, लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवर एका घराबाहेर ही ढाल टांगलेली दिसली, मी विचारलं, "स्क्रोप इथे उतरलेत का?" तर उत्तर आलं, "नाही, ही ग्रॉव्हनरची." ते नाव आपण तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं, असं चॉसरनं सांगितलं. १३९० मध्ये राजानं निकाल स्क्रोपच्या बाजूनं दिला. ग्रॉव्हनरनं पट्टा सोडला आणि सोनेरी गव्हाची पेंढी घेतली. पाच वर्षं कोर्ट, शेकडो साक्षीदार, एका पट्ट्यापायी.

मुक्काम_सोलापूर

बांधाच्या वादापेक्षा लवकर सुटला म्हणायचा.

अक्षरवेडी

मूळ धाग्यात दुसराही प्रश्न होता, मराठी शब्दाचा, तो सगळे विसरलात.

फ्रेंचमध्ये याला फार गोड शब्दप्रयोग आहे: 'द लं आं लोत्र', म्हणजे 'एकाचं दुसऱ्यात'. आणि चिन्हं एकापेक्षा जास्त असून प्रत्येक पूर्णपणे एकेका रंगाच्या जमिनीवर बसलं असेल, तर 'द लं आ लोत्र', 'एकाचं दुसऱ्याला'. एका अक्षराचा फरक. जर्मन सरळ 'अदलाबदल केलेल्या रंगांत' म्हणून मोकळे होतात.

मराठीसाठी माझे प्रस्ताव: परस्पररंगी, रंगपालट, व्यत्यस्तरंगी.

दुसरा_डाव

'व्यत्यस्त'ला विरोध. भूमितीत प्रमेयाचा व्यत्यास लिहिताना जे मार्क गेले ते अजून परत आलेले नाहीत.

विसूभाऊ

'रंगपालट'मध्ये एकच बाजू बदलते असं वाटतं. सरड्याचा होतो तो रंगपालट. इथे दोघंही बदलतात.

नुसतंच_वाचन

उलटरंगी?

अक्षरवेडी

ऐकायला 'उलटी'सारखं लागतं. आजीसमोर नको.

वेणूमावशी

मी इथे फारसं लिहीत नाही. पण शब्दाचं वाचून राहवलं नाही. आपल्याकडे यासाठी शब्द आहे की. साटंलोटं. या घरची मुलगी त्या घरी द्यायची, त्या घरची मुलगी या घरी आणायची. काळ्याची लेक सोनेरीकडे गेली, सोनेरीची काळ्याकडे आली. आमच्या चुलत घरात दोन पिढ्या असंच झालं, कुणाची नणंद कुणाची वहिनी याचा हिशेब लावता लावता पाहुणे जेवून जायचे.

गार्गी_प

मावशी, तुम्हाला नमस्कार. याहून नेमका शब्द मला सुचला नसता. त्यातून एका ढालीत दोन घराण्यांचे चौकोन एकत्र येतात ते बहुतेक वेळा लग्नामुळेच. या झेंड्यात क्रॉसलँडचे चौकोन आले ते आईच्या माहेरचे.

अक्षरवेडी

शब्द छान आहे, पण एक शंका. 'साटंलोटं' आज वर्तमानपत्रात दिसतं ते 'नेते आणि कंत्राटदार यांचं साटंलोटं' असं. पोरीनं वर्गात... बरं, वर्गात इंग्रजीतच बोलणार आहे ती. पण शब्दाला वास लागलाय एवढं खरं.

वेणूमावशी

वास वर्तमानपत्राला लागलाय, शब्दाला नाही.

दुसरा_डाव

मावशींना १०० पैकी १००.

आता पटॅप्स्कोकाठकर, तुमच्या गॅरेजचा प्रश्न. काल रात्री कागदावर मांडला. शेजारी फिरकी घेत नसावा.

भिंतीवरचा सपाट झेंडा १८० अंशात फिरवला असं समजा. चौथा चौकोन पहिल्याच्या जागी येतो, आणि दोन्ही कॅल्व्हर्टच. तिसरा दुसऱ्याच्या जागी येतो, दोन्ही क्रॉसलँडच. तिरका पट्टा १८० अंशात फिरवला तरी डावीकडून उजवीकडेच उतरतो. क्रॉसलँडचा चौकोनही फिरवला की अगदी पहिल्यासारखा दिसतो. म्हणून तुम्हाला काही सापडत नाही.

पण उभे पट्टे सहा आहेत. सहा ही सम संख्या. एका टोकाला सोनेरी असेल तर दुसऱ्या टोकाला काळा असणारच. फिरवलं की टोकं बदलतात. पट्टे सात असते तर दोन्ही टोकांना एकच रंग आला असता आणि जगातला कोणताही शेजारी काही सिद्ध करू शकला नसता. आता सुलट कुठला हे ढालीची भाषा जाणणाऱ्यांनी सांगावं.

गार्गी_प

वा, वा. वर्णनातच उत्तर आहे. 'सोनेरी आणि काळे' यात ज्याचं नाव आधी तो पहिला. डावं-उजवं ढाल धरणाऱ्याच्या बाजूनं मोजतात, त्याची उजवी म्हणजे आपली डावी. तेव्हा आपल्या डावीकडचा पहिला उभा पट्टा सोनेरी. तिरका पट्टा निघतो तो त्याच कोपऱ्यातून, आणि तो काउंटरचेंज्ड, म्हणजे सोनेरीवर काळा. म्हणून डावीकडचा वरचा कोपरा काळा हवा. काठीवर लावतानाही तोच नियम: काठीजवळच्या वरच्या कोपऱ्यात काळा.

कोपरा सोनेरी असेल तर शेजाऱ्याला चहाला बोलवा.

पटॅप्स्कोकाठचा

इथे रात्रीचे अकरा. टॉर्च घेऊन गॅरेजमध्ये गेलो.

सोनेरी.

बेसिक_लोचा

हाहाहाहा. तीन वर्षं!!

मुक्काम_सोलापूर

तरी म्हणत होतो, उलट बाजू बघा.

पटॅप्स्कोकाठचा

ताजी खबर. आज शनिवार, आजीसमोर तालीम झाली. यादवी युद्धापर्यंत छान चाललं होतं. काउंटरचेंज्ड आलं तेव्हा लेकीनं आधी कागदावरचा वाटीचा गोल दाखवला. आजी म्हणाली, "बरं." मग मावशींचा शब्द सांगितला. आजी एकदम पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "असं होय! म्हणजे आपल्या कोरेगावच्या मामांसारखं." त्यानंतर वीस मिनिटं कोरेगावच्या मामांचं कोण कुणाकडे दिलं हे चाललं. झेंडा राहिला बाजूला. लेकीनं ते सगळं लिहून घेतलंय, शाळेत सांगणार म्हणते, पाच मिनिटांत कसं बसवणार देव जाणे.

झेंडा सकाळी काढून फिरवला. जुन्या खिळ्यांची भोकं जुळली नाहीत, भिंतीत चार नवी झाली. बायको म्हणाली, "आता घर विकताना आठ भोकं बुजवायची."

वेणूमावशी

आजींना माझा नमस्कार सांगा. कोरेगावचे मामा म्हणजे आडनाव काय? इथे नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बेसिक_लोचा

शेवटचं विचारतो, हसू नका. टॅक्सीच्या पिवळ्या टपापासून काळ्या दारापर्यंत एकच मोठं अक्षर रंगवलं, टपावरचा भाग काळा, दारावरचा पिवळा. तर?

गार्गी_प

तर हो.